पुरातले कपडे: गोणी उघडण्यापासून नाडी ओवण्यापर्यंत

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. अशा वेळी चिखली-आंबेवाडीची माणसं सोनतळीला येतात, सुतारवाड्यातली दसरा चौकातल्या मठात, शिरोळ तालुक्यातली मिळेल त्या शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात. पहिले दोन दिवस जेवण, पाणी, औषधं आणि जनावरांचा चारा यातच जातात. कपड्यांची गरज तिसऱ्या दिवशी उभी राहते, कारण अंगावरचा एकुलता एक जोड तोवर वाळलेलाच नसतो. आणि नेमके तेव्हा रस्ते बंद असतात. २०१९ ला पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता. तो मोकळा झाला तशा पुण्या-मुंबईकडून गाड्यांच्या रांगा लागल्या. म्हणजे मदतीचे कपडे येतात ते उशिरा, एकदम आणि सगळे एकात एक कालवून.

पुरात कपडे कमी पडल्याचं आम्ही कधी पाहिलं नाही. परकर कमी पडतात. चड्ड्या कमी पडतात. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला बसेल असा पंजाबी ड्रेस शोधून सापडत नाही. बाकी ढीग कायम कमरेएवढा. म्हणून वाटपापेक्षा निवडणीला जास्त हात लागतात. चार माणसं असली तर तीन निवडायला आणि एक वाटपाच्या यादीला, हे प्रमाण धरून चालावं. नव्याने आलेल्या पोरांना मात्र टेंपोबरोबर गावात जायचं असतं. त्यांना पहिला दिवस निवडणीच्या टेबलाशी उभं केल्याशिवाय गाडीत बसवू नये, कारण गोणीत काय आहे हे ज्याला माहीत नाही तो गावात जाऊन गोंधळच वाढवतो.

जागा निवडताना पहिली अट म्हणजे ओल नको आणि पूररेषेपासून लांब हवी. मंगल कार्यालयाचा तळमजल्यावरचा हॉल उत्तम, ट्रक मागे घेऊन दाराला लावता आला पाहिजे. वरच्या मजल्यावरची जागा फुकट मिळाली तरी घेऊ नये. प्रत्येक गोणी दोनदा जिना चढते-उतरते आणि संध्याकाळपर्यंत पोरांच्या कंबरा जातात. हॉलला दोन दारं असतील तर एक आवकेचं, दुसरं जावकेचं, आणि हे शेवटपर्यंत मोडायचं नाही. एकाच दारातून माल आला-गेला की निवडलेली गोणी न निवडलेल्या ढिगात कधी जाऊन पडते ते कळतही नाही.

फरशीवर गोणी थेट ठेवू नये. ऑगस्टात फरशी घाम धरते आणि तळची गोणी दोन दिवसांत कुबट होते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून लाकडी पॅलेट सहज मिळतात. नाहीच मिळाले तर विटांवर फळ्या टाकाव्यात. भिंतीपासून हातभर अंतर सोडावं. काम दिवसाउजेडी करावं. एक तर पुरात विजेचा भरवसा नसतो आणि दुसरं, पिवळ्या बल्बच्या उजेडात डाग दिसत नाहीत. रात्री चांगली म्हणून बांधलेली साडी सकाळी गावात उलगडल्यावर लाज आणते.

गोणी आली की आधी वास घ्यायचा, मगच ती आत घ्यायची. प्लास्टिकच्या काळ्या पिशवीत बांधून आलेले कपडे प्रवासात घामेजतात. वर हात लावला तर कोरडे, मधे मात्र ओलसर. हात कोपरापर्यंत आत घालून बघावं. कुबट वास आला की ती गोणी आत न घेता बाजूच्या शेडमध्ये उघडायची, कारण बुरशी धरलेली एक गोणी शेजारच्या चारांना वास लावते. पुराच्या पाण्यात भिजलेल्या दुकानाचा किंवा गोदामाचा माल कुणी दान म्हणून आणला तर सरळ नको म्हणावं. त्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं, उंदराचं मूत सगळंच असतं, आणि लेप्टोस्पायरोसिसची भीती अशाच वेळी असते. निवडणाऱ्यांनी मास्क लावावा, हातात रबरी मोजे घालावेत आणि ज्याच्या हाताला जखम आहे त्याला वहीच्या कामाला बसवावं.

खिसे तपासल्याशिवाय कपडा पुढे जाऊ द्यायचा नाही. त्यात पैसे निघतात, गोळ्यांची पाकिटं निघतात, ब्लेड आणि सेफ्टी पिनाही निघतात. पैसे निघाले तर दोघांच्या सहीने वहीत नोंद करून डब्यात टाकावेत.

पहिल्या चाळणीत एका कपड्यावर दहा-बारा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घालवायचा नाही. चारच भाग करायचे: जसाच्या तसा देता येईल असा, किरकोळ शिवण लागणारा, चिंधी, आणि टाकून द्यायचा. धुवायला लागणारा असा पाचवा भाग करायचा मोह सगळ्यांना होतो. करू नये. कोल्हापुरात ऑगस्टात धुतलेला सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही, दोऱ्या बांधायला छत नसतं आणि अर्धवट वाळलेला कपडा घडी घालून गोणीत गेला की सगळी मेहनत बुरशीला जाते. फार चांगला पण मळका कपडा असेल तर वेगळ्या गोणीत बांधून उन्हं पडेपर्यंत बाजूला ठेवावा. बाकी सगळं चिंधीत.

कसोटी एकच ठेवावी: हा कपडा मी माझ्या बहिणीला दिला असता का? इथे वाद होतात. घरून जुने कपडे वापरायची सवय असलेल्या वयस्कर मंडळींना कॉलर थोडी विरलेला शर्ट टाकवत नाही आणि कॉलेजच्या पोरांना जरासा फिका पडलेला टीशर्टही टाकाऊ वाटतो. म्हणून सुरुवातीलाच एक पास झालेला आणि एक नापास झालेला कपडा भिंतीवर टांगून ठेवावा. वाद निम्म्यावर येतात.

दुसरी चाळणी मापाची. आत शिवलेल्या लेबलवर विश्वास ठेवू नये. एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीचा एम असतो आणि निम्म्या कपड्यांची लेबलं कापलेलीच असतात. टेबलावर डाव्या कडेपासून १८, २० आणि २२ इंचांवर रंगीत चिकटपट्टीच्या उभ्या रेघा माराव्यात. शर्ट किंवा ड्रेस सपाट पसरायचा, एका काखेची शिवण कडेला लावायची आणि दुसरी काख कुठल्या रेघेपर्यंत जाते ते बघायचं. १८ पर्यंत लहान, २० पर्यंत मध्यम, २२ पर्यंत मोठा, त्यापुढे फार मोठा. पॅंटची कंबर त्याच टेबलावर मोजावी. सपाट १६ इंच म्हणजे ३२ ची कंबर. लहान मुलांच्या कपड्यांना छातीपेक्षा उंची बरी पडते. वर्षाच्या आतलं, एक ते तीन, चार ते सहा, सात ते दहा आणि अकरा ते चौदा असे गट पुरतात. शेवटच्या दोन गटांत मुलगे-मुली वेगळे, त्याआधी वेगळे केले नाहीत तरी चालतं.

पुरुषांच्या कपड्यांना फारसा घोळ नाही. शर्ट-पॅंट, वयस्करांना पायजमा किंवा धोतर, रात्रीला लुंगी किंवा बर्म्युडा. जीन्स मात्र ढिगाने येते आणि पडून राहते. एक जीन्स अर्ध्या किलोच्या वर भरते, भिजली की छावणीत वाळत नाही, आणि गाळ काढायला ती घालून कुणी वाकू शकत नाही. कॉलेजच्या पोरांपुरती बाजूला काढून बाकीची मागे ठेवावी.

बायकांच्या कपड्यांत खरं काम आहे. साडी आली म्हणून काम झालं असं देणाऱ्याला वाटतं. सहावारी साडी परकराशिवाय नेसताच येत नाही आणि परकर कुणीच पाठवत नाही. ज्यांनी पाठवला त्यात नाडी नसते. वाटपाच्या रांगेत बाई साडी हातात घेते, खालीवर बघते आणि हळूच विचारते, "ताई, ह्येच्यावर परकर न्हाई का?" हा प्रश्न दहाव्यांदा ऐकण्यापेक्षा रस्ता उघडल्याबरोबर कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक बाजारातून परकर गठ्ठ्याने आणावेत. रोख देणगी आली तर तिचा पहिला खर्च हाच. सोबत नाडीचं बंडल घ्यावं. नाडी दोन-अडीच मीटरची कापायची, टोकाला मोठी सेफ्टी पिन अडकवायची, पिन नेफ्यातून चिमटीने पुढे सरकवत दुसऱ्या तोंडाने बाहेर काढायची आणि लगेच दोन्ही टोकांना गाठ मारायची, नाहीतर घडी घालताना नाडी आत पळते. बसून करायचं काम आहे. ज्या मावशींना उभं राहवत नाही त्या हे इतकं झपाट्याने करतात की पोरं बघत राहतात.

ब्लाऊज हा दुसरा घोळ. दुसरीच्या मापाचा शिवलेला ब्लाऊज सहसा बसत नाही. घट्ट झाला तर काखेतली दाबलेली शिवण उसवून अर्धा-एक इंच मिळतो. बाजूला कापड सोडलेलं असेल तरच. त्यापेक्षा ब्लाऊज पीस, हुकांचं पाकीट आणि छावणीत एक शिलाई मशीन ठेवलेलं परवडतं. म्हाताऱ्या आज्ज्यांना सहावारी देऊ नये. शिरोळ-करवीरकडच्या गावांत सत्तरीच्या पुढच्या बऱ्याच बायका अजून लुगडंच नेसतात, चोळीही पुढे गाठ मारायची. नऊवारी निवडणीत दिसली की तिथल्या तिथे वेगळी काढायची; ढिगात चुकून सहावारीत गेली तर ती परत सापडत नाही. घडी घातलेली नऊवारी सहावारीसारखीच दिसते, म्हणून संशय आला की उलगडून मोजायची: सहावारी साधारण साडेपाच मीटर, लुगडं आठ मीटरच्या पुढे.

शहरातून पाठवणारे लोक आठवणीने सुती साड्या निवडतात. भावना चांगली, पण छावणीत बायका पॉलिस्टरची साडी आधी उचलतात. ती रात्रीत वाळते, हलकी असते, गाळाच्या कामात फाटत नाही. आणि जरीच्या, भरजरी साड्यांना नाकं मुरडू नयेत. २०१९ ला गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती, २०२१ ला १० सप्टेंबरला. म्हणजे पाणी ओसरल्यानंतर तीन ते सहा आठवड्यांत गौरी येतात. घरातली ट्रंक पाण्यात गेलेल्या बाईला तेव्हा नेसायला एक बरी साडी हवी असते. अशा साड्या वेगळ्या बांधून त्या आठवड्यात दिल्या तर त्यातली एकही परत येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच साड्या कुणी हातात धरत नाही.

आतले कपडे जुने द्यायचेच नाहीत. कितीही स्वच्छ दिसले तरी नाहीत. नवे विकत घ्यावेत, माणशी दोन. छावणीत खरजेची तक्रार लवकर सुरू होते, म्हणून जुन्या चादरी-ब्लँकेटांबाबतही एक काळजी घ्यावी: खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून लांब दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही, तेव्हा कोरडी गोणी आठवडाभर तोंड बांधून ठेवली तरी तेवढी भीती उरत नाही. घाई असेल तर गरम पाण्यात धुणं आलं, आणि वाळवण्याचा प्रश्न पुन्हा तिथेच.

बांधणीला साखरेची ५० किलोची रिकामी पोती सगळ्यात सोयीची. त्यात दाबून भरले तर १५ ते २० किलो कपडे बसतात, म्हणजे एकट्या माणसाला उचलता येतं. तागाचं बारदान वापरू नये, ते पाणी पितं. पोत्याचं तोंड दाभणाने लांब-लांब टाके घालून सुतळीने शिवावं आणि शेवटची गाठ सरकती ठेवावी. गावात सुरी शोधत बसावं लागत नाही. पोत्यावर मार्करने लिहिलेलं पहिल्या पावसात पुसलं जातं. म्हणून एक चिठ्ठी आत, सगळ्यात वर, आणि पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर लिहिलेली दुसरी चिठ्ठी सुतळीत ओवून बाहेर. मजकूर तीन शब्दांचा: "बाई, सहावारी, ४०" किंवा "मुलगी, ७-१०, ६०". वहीत पोत्याचा नंबर, प्रकार, नग, कुठल्या गाडीने कुठल्या गावी. "मिक्स" असं लिहिलेलं पोतं हॉलच्या बाहेर जाऊ देऊ नये. असं पोतं गावात उघडलं की तिथे पुन्हा ढीग होतो, आणि तोही चिखलात.

घरटी तयार संच बांधून न्यावा असं पुष्कळांना वाटतं. कागदावर सुंदर दिसतं, गावात फसतं. एका घरात चार बायका आणि एक म्हातारा, शेजारच्या घरात तीन पोरगे. संच सारखे असले की लोक आपसांत अदलाबदल करत बसतात आणि उरलेलं रस्त्यावर टाकतात. त्यापेक्षा माणसागणिक जुडी बांधावी. बाईची जुडी: साडी, नाडी ओवलेला परकर, ब्लाऊज पीस, गाऊन, टॉवेल. पुरुषाची: शर्ट, पॅंट किंवा पायजमा, बनियन, टॉवेल. आतले नवे कपडे आणि सॅनिटरी पॅड वेगळ्या बंद पिशवीत, आणि ती पिशवी बाईच बाईच्या हातात देईल. चादर-ब्लँकेट घराच्या हिशोबाने, माणसाच्या नाही. गावात यादी बघून जुड्या जोडायच्या.

यादी आदल्या दिवशी हातात हवी. ग्रामसेवकाकडून कुटुंबांची मिळते, पण कुठल्या घरात किती वयाचं पोर आहे, कोण बाळंतीण आहे हे अंगणवाडी सेविकेला आणि आशा ताईला तोंडपाठ असतं. त्यांच्याबरोबर तासभर बसलं की काम सोपं होतं. कुणाचं नाव कुठल्या गटाच्या सांगण्यावरून आलं याकडे लक्ष द्यावं. गावात दोन गट असतात, आणि वाटपाची जागा एका गटाच्या दारात ठरली तर दुसऱ्या गटाची बाई तिथे पाऊल टाकत नाही. शाळा किंवा देऊळ बरं. वस्तीवरच्या आणि मळ्यातल्या घरांना वेगळा फेरा ठेवावा, ती माणसं गावातल्या रांगेत येऊन मागे उभी राहतात आणि तशीच परततात.

टेंपोच्या फाळक्यावर उभं राहून कपडे फेकणं हा प्रकार अजूनही दिसतो. ज्याचे हात लांब त्याला चार शर्ट, म्हातारीच्या वाट्याला चिखलात तुडवलेली ओढणी. त्यापेक्षा वर्गातली बाकं तीन बाजूंनी लावावीत आणि त्यावर जुड्या मापाप्रमाणे मांडाव्यात. आदल्या दिवशी वाटलेली चिठ्ठी घेऊन एका वेळी आठ-दहाच घरांना आत सोडावं. रंग आवडला नाही तर बदलून घेऊ द्यावा. त्यात एका घरामागे दोन मिनिटं जास्त जातात, पण रस्त्यावर टाकलेले कपडे दिसेनासे होतात. फोटो काढणाऱ्याला बाहेरच चहा पाजावा.

गाडी भरताना शेवटच्या गावचा माल आधी, म्हणजे तो तळाला जातो. खाली ताडपत्री, वर ताडपत्री, आणि मागच्या फाळक्याकडे ताडपत्रीचं टोक आत दुमडलेलं. उघडं राहिलं की चाकाचं पाणी तिथूनच आत येतं. निघण्यापूर्वी रस्ता विचारून घ्यावा. कुरुंदवाड-नृसिंहवाडीकडचा रस्ता सकाळी उघडा आणि दुपारी बंद असं होतं, कारण पंचगंगा उतरत असली तरी कृष्णेचं पाणी चढत असू शकतं.

देणाऱ्यांना पाठवायचा निरोप हाही कामाचाच भाग. "कपडे पाठवा" असं कधीही लिहू नये. "नवे परकर, नव्या चड्ड्या-बनियन, टॉवेल, चादरी, सात ते चौदा वयाच्या मुलींचे कपडे, अमुक तारखेपर्यंत" असं लिहावं आणि तारीख ठळक. व्हॉट्सॲपवरचा निरोप महिनाभर फिरत राहतो. तारीख नसेल तर दिवाळीत कुणीतरी पोती घेऊन दारात उभं राहतं.

शेवटी जे उरतं त्याची सोय पहिल्याच दिवशी ठरवावी. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते आणि ते निस्तरायला 'गूंज'सारख्या संस्थेला वेगळं काम उभं करावं लागलं होतं. आपल्याकडे वाटा तशा जवळच आहेत. मऊ सुती साड्या आणि धोतरं बचत गटातल्या बायकांना वाकळ शिवायला द्यावीत. एका वाकळेला साड्यांचे तीन-चार थर लागतात, त्यामुळे ढीग भराभर उतरतो, आणि थंडीला त्याच गावांत ती वाकळ कामाला येते. बनियन, टीशर्ट अशा होजिअरीच्या चिंध्या गॅरेजवाले आणि कारखानदार पुसायला घेतात, फक्त बटणं आणि चेन कापून द्याव्या लागतात. गाळ काढणाऱ्या घरांनाही पहिल्या आठवड्यात फडकी हवीच असतात, तेव्हा चिंधीची दोन-तीन पोती प्रत्येक गाडीत टाकावीत. लोकर पानिपतच्या कारखान्यांकडे जाते, पण तेवढा माल जमत नसेल तर भंगारवाल्याला दिलेली बरी. बुरशीचा माल महापालिकेच्या गाडीत. जाळायचा नाही, पॉलिस्टरचा धूर शेजारच्या आळीत जातो आणि दुसऱ्या वर्षी हॉल मिळत नाही.